फोनमध्ये मॅग्नेट नाही? मग मॅग्नेटिक चार्जर आणि स्टँड घेण्याआधी हे वाचा

गणपतीत मावशीकडे गेलो होतो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि माझा मावसभाऊ फोन घेऊन शेजारी येऊन बसला. घरात मोबाईलचं काहीही अडलं की ते माझ्याकडे येतं, त्यामुळे मला सवय आहे. त्याच्या फोनच्या कव्हरवर एक गोल काळी रिंग चिकटवलेली होती आणि त्या रिंगला एक छोटीशी पॉवर बँक चिकटली होती. अगदी जाहिरातीत दिसते तशी. फोन उलटा धरून हलवला तरी पडत नव्हती.

"दादा, पीस खराब आलाय. चिकटते मस्त, लाईट पण लागते, पण चार्जिंग एक टक्का पण वाढत नाही."

पॉवर बँक १,८०० रुपयांची, रिंग २०० रुपयांची. कॉलेजच्या मुलानं महिनाभर वाचवलेले २,००० रुपये. परत करायची मुदत चार दिवसांपूर्वीच संपलेली. आणि गंमत म्हणजे पीस अजिबात खराब नव्हता. त्याच्या फोनला वायरलेस चार्जिंगच नव्हतं. त्याला वाटलं होतं, रिंग लावली की ते येतं.

असा समज फक्त त्याचाच आहे असं नाही. ऑनलाइन विकणारे बिनधास्त 'सर्व फोनसाठी' असं लिहितात, फोटोत पॉवर बँक फोनला चिकटलेली दिसते, आणि आपण मनातल्या मनात उरलेलं गृहीत धरतो. म्हणून आज हा विषय मुळापासून समजून घेऊ. मॅग्नेट नसलेला फोन असला तरी या वस्तूंचा बराच उपयोग करून घेता येतो. फक्त पैसे कशावर घालवायचे आणि कशावर नाही, ते आधी कळलं पाहिजे.

चुंबक धरतं, कॉइल चार्ज करते

हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. मॅग्नेटिक चार्जरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे चुंबकांचं वर्तुळ, आणि दुसरी म्हणजे त्या वर्तुळाच्या आत बसवलेली तांब्याच्या तारेची कॉइल.

कॉइलचं काम इंडक्शन शेगडीसारखं असतं. होस्टेलवर इंडक्शनवर मॅगी केली असेल तर हे तुम्हाला माहीतच आहे. शेगडीची काच स्वतः तापत नाही, वर ठेवलेलं भांडं तापतं. कारण काचेखालच्या कॉइलमधून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो, त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते वरच्या भांड्यात वीजप्रवाह निर्माण करतं. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व आहे. वायरलेस चार्जिंगमध्ये भांड्याच्या जागी फोनमधली दुसरी कॉइल असते. तिच्यात प्रवाह तयार होतो आणि तो बॅटरीकडे जातो.

आता या सगळ्यात चुंबकाचं काम काय? फक्त एकच: दोन कॉइल बरोबर समोरासमोर आणून तिथेच धरून ठेवणं. साध्या वायरलेस चार्जरवर रात्री फोन ठेवावा, तो इंचभर सरकावा आणि सकाळी बॅटरी होती तेवढीच दिसावी, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. ती अडचण चुंबक सोडवतं. वीज देण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

म्हणजे फोनमध्ये कॉइल नसेल तर बाहेरून कितीही भारी रिंग लावा, चार्जिंग होणार नाही. आणि कॉइल असेल पण मॅग्नेट नसेल, तर मात्र बाहेरून मॅग्नेट लावून काम छान भागतं.

मॅगसेफ, ची, ची-२: ही नावं काय आहेत?

दुकानात ही नावं सारखी कानावर पडतात, म्हणून थोडक्यात सांगतो. वायरलेस चार्जिंगच्या सर्वमान्य पद्धतीचं नाव 'ची'. बॉक्सवर ते क्यू आणि आय अशा दोन इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं, पण उच्चार 'ची'. वायरलेस पॉवर कन्सोर्टियम ही अनेक कंपन्यांची संघटना ते ठरवते.

ॲपलनं २०२० मध्ये आयफोन १२ सोबत फोनच्या पाठीत चुंबकांचं वर्तुळ बसवलं आणि त्याला मॅगसेफ नाव दिलं. हे नाव ॲपलनं त्याआधी २००६ पासून लॅपटॉपच्या चुंबकी चार्जरसाठी वापरलं होतं. २०२३ च्या जानेवारीत ची-२ ची घोषणा झाली. त्यातली चुंबकांची रचना ॲपलनंच संघटनेला दिली. त्यामुळे आज ची-२ चा चार्जर आणि मॅगसेफची रिंग एकमेकांना व्यवस्थित चिकटतात.

तरीही अँड्रॉइड कंपन्यांनी फोनच्या आत मॅग्नेट बसवायला वेळ घेतला. २०२४ मध्ये एचएमडी स्कायलाइन हा ची-२ असलेला पहिला अँड्रॉइड फोन आला. २०२५ मध्ये गुगलनं पिक्सेल १० मध्ये मॅग्नेट दिले. त्याच वर्षी आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी एस२५ मालिकेवर मात्र 'ची-२ रेडी' असं लिहिलेलं आहे. म्हणजे फोन तयार आहे, पण मॅग्नेट आत नाही, त्यासाठी मॅग्नेटवालं कव्हर घ्यावं लागतं. 'रेडी' हा शब्द कुठेही दिसला की दोनदा वाचा.

तुमचा फोन कोणत्या गटातला?

पैसे खर्च करायच्या आधी एवढं एकच काम करा.

पहिला गट: कॉइल आहे, मॅग्नेटही आहे. आयफोन १२ पासूनचे बहुतेक आयफोन आणि पिक्सेल १० यात येतात. तुम्ही यात असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, फक्त शेवटी कार्ड आणि पेसमेकरबद्दल लिहिलंय ते वाचा.

दुसरा गट: कॉइल आहे, मॅग्नेट नाही. आयफोन ८ ते ११, २०२० आणि २०२२ चे आयफोन एसई, आयफोन १६ई, गॅलेक्सी एस२५ आणि त्याआधीची एस मालिका, पिक्सेल ७ ते ९, नथिंगचे फोन १ आणि फोन २, मोटोरोला एज ५० प्रो असे बरेच फोन यात येतात. रिंगचा खरा फायदा यांनाच.

तिसरा गट: कॉइलच नाही. १०,००० ते २५,००० रुपयांमधले बहुतेक फोन इथे येतात. सॅमसंगची ए मालिका, वनप्लसची नॉर्ड मालिका, पिक्सेल ६ए हे सगळे याच गटात. माझ्या मावसभावाचा फोनही यातलाच.

ओळखायचं कसं? कंपनीच्या साइटवर फोनच्या माहितीत 'वायरलेस चार्जिंग' हे शब्द शोधा. 'फास्ट चार्जिंग' म्हणजे वायरलेस नव्हे. 'एनएफसी' म्हणजेही वायरलेस चार्जिंग नव्हे, ते टॅप करून पैसे देण्यासाठी असतं. दुकानात हे दोन्ही बिनदिक्कत एक करून सांगतात, मी स्वतः ऐकलंय. आणि सगळ्यात पक्की परीक्षा म्हणजे मित्राकडच्या कोणत्याही वायरलेस चार्जरवर आपला फोन कव्हर काढून ठेवून बघणं. हळूहळू सगळीकडे सरकवून बघा. चार्जिंगची खूण कुठेच आली नाही, तर तुम्ही तिसऱ्या गटात.

दुसरा गट: कव्हर घ्यावं की रिंग?

माझं मत सांगतो. तुमच्या मॉडेलसाठी मॅग्नेट आत बसवलेलं कव्हर मिळत असेल तर तेच घ्या. त्यात वर्तुळ कॉइलच्या बरोबर मागे बसवलेलं असतं, ते निघून यायची भीती नसते, आणि फोन विकताना पाठीवर गोंदाचा डाग राहत नाही. गॅलेक्सी एस किंवा पिक्सेलसारख्या फोनसाठी अशी कव्हरं सहज मिळतात. जुन्या किंवा कमी खपलेल्या मॉडेलसाठी मिळत नाहीत, तिथे रिंग.

रिंग दोन प्रकारच्या येतात आणि दिसायला अगदी सारख्या असतात. एक नुसती लोखंडी पत्र्याची, पातळ. दुसरीत खरे छोटे छोटे चुंबक बसवलेले. पत्र्याची रिंग स्वस्त आणि हलकी असते. मॅग्नेटवाल्या चार्जरला ती चिकटते, पण चुंबकाला चुंबक जसं नेमक्या जागी 'खट' करून बसतं, तशी ती बसत नाही. शिवाय काही स्टँड आणि मागे लावायच्या पकडींमध्ये स्वतः चुंबक नसतं, पत्राच असतो. पत्र्याला पत्रा कसा चिकटणार? दुकानात ओळखायला सोपं आहे: रिंग लोखंडी कपाटाला किंवा शटरला लावून बघा. चिकटली तर चुंबकाची, नाही चिकटली तर पत्र्याची. फोन नुसता चार्जरवर ठेवायचा असेल तर पत्र्याची चालेल. पाकीट, ट्रायपॉड, गाडीतला होल्डर असं काही वापरायचं असेल तर चुंबकाचीच घ्या.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं टाळा. गाडीतल्या जुन्या मॅग्नेटिक होल्डरसोबत जो गोल किंवा चौकोनी भरीव पत्रा येतो, तो कव्हरच्या आत ठेवून वायरलेस चार्जिंग करू नका. इंडक्शन शेगडी आठवा. कॉइलवर लोखंड ठेवलं की वीज त्यातच खर्च होते आणि पत्रा तापतो. चांगला चार्जर मधे धातू आहे हे ओळखून बंद पडतो. स्वस्तातला ओळखेलच असं नाही. रिंग चालते ती मधोमध मोकळी असल्यामुळे. कॉइल त्या मोकळ्या जागेत येते.

रिंग लावायची रीत

घाईत लावली की वाकडी बसते आणि मग चार्जिंग लागतं-जातं, लागतं-जातं. मी असं करतो:

१. आधी मागचा कागद न काढता रिंग मॅग्नेटिक चार्जरवर ठेवा. ती आपोआप मधोमध बसेल. बसलीच नाही किंवा ढकलली गेली तर बाजू उलटी आहे.

२. चार्जर चालू करा आणि फोन कव्हरसकट त्यावर हळूहळू सरकवत चार्जिंग सुरू होईल ती जागा शोधा. चारही बाजूंना थोडं सरकवून बघा, म्हणजे मधली जागा कळेल. बहुतेक फोनमध्ये ती पाठीच्या साधारण मध्यावर असते, पण सगळ्यांत नाही.

३. फोन तसाच धरून रिंगच्या बाहेरच्या कडेनं कव्हरवर पेन्सिलनं किंवा चिकटपट्टीनं खूण करा.

४. कव्हर पुसून पूर्ण कोरडं करा, मग कागद काढून रिंग खुणेवर दाबा. अर्धा मिनिट दाबून धरा आणि शक्यतो रात्रभर त्यावर वजन टाकू नका.

रिंग कव्हरच्या बाहेरच्या बाजूला लावा. फोनला लावून वरून साधं कव्हर घातलं तर पकड बरीच ढिली होते, कारण अंतर थोडं जरी वाढलं तरी चुंबकाचा जोर झपाट्यानं कमी होतो. कव्हर साधारण ३ मिलीमीटरपेक्षा जाड असेल तर चार्जिंगही अडखळतं. आणि मऊ सिलिकॉनच्या कव्हरवर, खडबडीत किंवा चामड्यासारख्या कव्हरवर गोंद टिकत नाही. ही शेवटची गोष्ट मला फुकट कळलेली नाही, पुढे सांगतो.

चार्जिंग किती वेगानं होईल?

चार्जरच्या बॉक्सवर १५ वॉट लिहिलेलं असतं. हा आकडा 'जास्तीत जास्त' असतो आणि तो मिळायला चार्जर, अडॅप्टर आणि फोन या तिघांचं जुळावं लागतं. बाहेरून मॅग्नेट लावल्यामुळे फोनची वायरलेस चार्जिंगची क्षमता वाढत नाही. आयफोन ८ ते ११ आणि १६ई हे ७.५ वॉटपर्यंतच घेतात. अनेक अँड्रॉइड फोन दुसऱ्या कंपनीच्या मॅग्नेटिक चार्जरवर ५ ते १० वॉटवर येऊन थांबतात.

याचा अर्थ काय ते हिशोबानं बघू. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. ५ वॉटनं भरायची म्हटली तर चार तास, आणि वाटेत वाया जाणारी धरली तर त्याहून जास्त. रात्री झोपताना लावायला ठीक, क्लासला निघायच्या आधी अर्ध्या तासात भरायला बेकार.

अडॅप्टरकडेही लक्ष द्या. जुन्या फोनचा ५ किंवा १० वॉटचा अडॅप्टर मॅग्नेटिक चार्जरला पुरत नाही. पीडी लिहिलेला २० वॉटचा किंवा त्याहून मोठा, सी टाइपचा अडॅप्टर लागतो. चार्जरसोबत तो बहुतेकदा येत नाही, म्हणजे तो खर्च वेगळा धरा.

उष्णता ही वायरलेसची खरी किंमत आहे. तारेपेक्षा यात जास्त ऊर्जा वाया जाते आणि ती उष्णता होऊन फोनच्या पाठीतच राहते. एप्रिल-मे मध्ये नागपूर-अकोल्याकडच्या दुपारी गादीवर ठेवून वायरलेस चार्जिंग करायला जाऊ नका. फोन फार तापला तर तो स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो, आयफोन अशा वेळी ८० टक्क्यांपुढे जायला नकार देतो. तो बिघाड नाही, बॅटरीची काळजी आहे.

तिसरा गट: कॉइल नाही, मग काय करायचं?

आधी चांगली बातमी. मॅग्नेटच्या निम्म्या वस्तूंना चार्जिंगशी काही देणंघेणं नसतं. टेबलावरचा स्टँड, रील काढायचा ट्रायपॉड, मागे लावायची पकड, गाडीतला होल्डर, गेम खेळताना लावायचा कूलर फॅन. हे सगळं तुमच्या १५,००० च्या फोनवर रिंग लावून अगदी व्यवस्थित चालतं.

आणि मॅग्नेटिक पॉवर बँकही पूर्ण वाया जात नाही. तिला बहुतेकदा सी टाइपचं आउटपुट असतं. एक वीतभर लांबीची केबल घ्या, पॉवर बँक रिंगला चिकटवा आणि केबल फोनला जोडा. झालं काम. खिशात लोंबकळत नाही, आणि तारेनं दिल्यामुळे वायरलेसपेक्षा लवकर आणि जास्त चार्ज मिळतो. मावसभावाला मी तिथल्या तिथे हेच करून दिलं. १५० रुपयांच्या केबलनं त्याचे २,००० रुपये वाचले.

आता ज्यापासून जपून राहायचं त्या दोन वस्तू.

पहिली म्हणजे वायरलेस रिसीव्हर पट्टी. पातळ स्टिकरसारखी कॉइल असते, तिची छोटी पिन चार्जिंग पोर्टमध्ये घालायची आणि पट्टी कव्हरच्या आत ठेवायची. ती चालते, खोटं नाही. पण वेग साधारण ५ वॉट किंवा त्याहूनही कमी, पोर्ट कायम अडकलेलं, आणि कॉइल कव्हरच्या आत फोनला चिकटून तापते. पोर्ट ढिलं झालेल्या जुन्या फोनला जगवायचा तात्पुरता उपाय म्हणून मी ती समजू शकतो. रोजच्या वापराला घेऊ नका.

दुसरी म्हणजे 'मॅग्नेटिक केबल'. फोनच्या पोर्टमध्ये एक छोटं टोक कायमचं बसवायचं आणि केबल जवळ नेली की ती टक्कन चिकटते. लोकल ट्रेनपासून तुळशीबागेपर्यंत सगळीकडे मिळते. सोय आहे हे मान्य. पण सी टाइपच्या ठरलेल्या नियमांत असं टोक बसत नाही. त्याचे विजेचे बिंदू उघडे राहतात, आणि चुंबक असल्यामुळे लोखंडाचा बारीक चुरा नेमका तिथेच येऊन चिकटतो. बिंदूंमध्ये शॉर्ट झालं तर पोर्ट जाऊ शकतं. शिवाय बऱ्याच अशा केबलवर फोनचं फास्ट चार्जिंग लागत नाही. ७० रुपये वाचवायला १५,००० चा फोन पणाला लावण्यात काय अर्थ आहे?

गाडीवर लावणार असाल तर

आता ती सिलिकॉनच्या कव्हरची गोष्ट. मागच्या मे महिन्यात मी स्कूटरच्या हँडलला मॅग्नेटिक माउंट लावला. पकड घरी हलवून पाहिली होती, एकदम घट्ट. चौथ्या दिवशी सिंहगड रोडवर एका स्पीड ब्रेकरवर गाडी आदळली आणि फोन रस्त्यावर गेला. मागून रिक्षा येत होती, रिक्षावाल्या काकांनी वेळेवर ब्रेक मारला म्हणून फोनच गेला, बाकी काही नाही. स्क्रीनचे ६,५०० रुपये.

फोन उचलून गाडीपाशी आलो तर रिंग माउंटलाच चिकटलेली. चुंबकानं आपलं काम केलं होतं. उन्हात मऊ पडलेला गोंद सुटला होता. मॅग्नेटचा जोर आपण सगळे तपासतो, गोंदाचा कोणी तपासत नाही.

म्हणून दुचाकीवर नुसत्या मॅग्नेटवर विसंबू नका. फोनला चारही बाजूंनी पकडणारा किंवा वळवून लॉक होणारा माउंट घ्या. आणि दुचाकीवर आणखी एक धोका असतो. ॲपलनं स्वतः सांगितलंय की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनांनी कॅमेऱ्याच्या स्थिरीकरणावर परिणाम होऊ शकतो, आणि स्कूटरसारख्या गाडीवरही कंपन शोषणारा माउंट वापरावा. कॅमेऱ्यात ओआयएस असलेल्या कोणत्याही फोनला ही काळजी लागू पडते. चारचाकीत, डॅशबोर्डवर, मॅग्नेटवालं कव्हर असेल तर मात्र मॅग्नेटिक होल्डर मस्त चालतो.

मॅग्नेटजवळ काय ठेवायचं नाही?

कार्ड. फोन आणि वायरलेस चार्जर यांच्या मधे डेबिट कार्ड, मेट्रो कार्ड, ऑफिसचं ओळखपत्र काहीही ठेवू नका. चुंबकी पट्टी किंवा आतली चिप खराब होऊ शकते. कव्हरच्या आत मेट्रो कार्ड ठेवायची सवय असेल तर चार्जिंगला लावताना ते काढा.

नकाशा. मॅग्नेटमुळे फोनचं होकायंत्र चुकू शकतं. मॅप्समध्ये निळा बाण उलटीकडे दाखवायला लागला तर आधी रिंगवर संशय घ्या.

पेन. एस पेनवाला गॅलेक्सी अल्ट्रा असेल तर मॅग्नेटच्या वर्तुळावर पेन अडखळू शकतं. विकत घेण्याआधी मित्राच्या कव्हरवर लिहून बघा.

टॅप पेमेंट. रिंग लावल्यावर एकदा मशीनला फोन लावून पैसे जातात का ते तपासा. एनएफसीचा अँटेना बऱ्याचदा कॉइलच्या आसपासच असतो.

आणि शेवटची गोष्ट, जी मला आधी माहीत असायला हवी होती. माझ्या बाबांना पेसमेकर बसवलेला आहे. त्यांना जेवताना फोन उभा करून कीर्तन ऐकायला आवडतं, म्हणून मी हौसेनं त्यांच्यासाठी मॅग्नेटवालं कव्हर आणि स्टँड मागवला. ते खूश होते. दोन महिन्यांनी पेसमेकरच्या तपासणीला गेलो, तेव्हा तिथल्या ताईंनी बाबांच्या शर्टाच्या खिशातून फोन काढून बाजूला ठेवायला सांगितला, कव्हर बघितलं आणि विचारलं, "हे मॅग्नेटचं आहे का? रोज याच खिशात असतो?"

बाबांना काही झालेलं नव्हतं. पण मला तिथे बसल्या जागी घाम फुटला. पेसमेकर आणि छातीत बसवायचे डिफिब्रिलेटर चुंबक ओळखतात, कारण डॉक्टर तपासताना मुद्दाम चुंबक धरून त्यांचं काम बदलतात. तेच चुंबक मी बाबांच्या छातीवरच्या खिशात ठेवून दिलं होतं. ॲपलची सूचना अशी आहे की मॅग्नेटवाला फोन अशा उपकरणापासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवावा आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटीमीटरपेक्षा लांब. घरात कोणाला असं उपकरण असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या फोनला रिंग लावू नका. आणि आपली मॅग्नेटिक पॉवर बँक त्यांच्या उशाशी ठेवू नका.

बाबांना आता साधं कव्हर आहे आणि लाकडी खाचेचा ८० रुपयांचा स्टँड. कीर्तन तितकंच छान ऐकू येतं.

खरेदीच्या आधी पाच प्रश्न

१. माझ्या फोनला कॉइल आहे का? मित्राच्या चार्जरवर तपासलं का?

२. मला चार्जिंग हवंय की फक्त स्टँड आणि होल्डर? फक्त धरायचं असेल तर रिंग पुरे.

३. माझ्या मॉडेलचं मॅग्नेटवालं कव्हर मिळतं का? मिळत असेल तर रिंग कशाला?

४. पॉवर बँकेवर 'आर'नं सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक आहे का? बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तो खरा आहे का ते लगेच कळतं. वायरलेसनं वापरणार असाल तर ५,००० एमएएचमधले साधारण निम्मेच फोनपर्यंत पोचतील असं धरून चाला.

५. परत करायची मुदत किती दिवसांची आहे? वस्तू आली त्याच दिवशी फोनवर लावून, टक्के खरंच वाढतात का ते अर्धा तास बघा. नुसती लाईट लागली म्हणजे चार्जिंग झालं असं नाही.

माझ्या मावसभावानं परवा मेसेज केला. त्याच्या मित्राला तीच पॉवर बँक घ्यायची होती. यानं आधी त्याचा फोन स्वतःच्या पॉवर बँकेवर ठेवून बघितला, चार्जिंग लागलं नाही, आणि मित्राचे १,८०० रुपये वाचले. एक मिनिटाची परीक्षा आहे, ऑर्डर करायच्या आधी तुम्हीही करा.